१५ एचपी की २५? लहान मासेमारी होडीचं आउटबोर्ड इंजिन कसं ठरवायचं

होडीच्या पाठीवर बाहेरून टांगायच्या, म्हणजे आउटबोर्ड इंजिनाच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "होडी किती फुटी?" आपण म्हणतो वीस, समोरून उत्तर येतं पंचवीस एचपी, आणि गाडी थेट किमतीवर येते. फुटांवरून एचपी ठरवणं सोयीचं आहे, पण फसवं. वीस फुटी दोन होड्या किनाऱ्यावर शेजारी शेजारी ओढून बघा. एक हलकी, सपाट तळाची, दोन माणसं घेऊन गळाला जाणारी. दुसरी गोल तळाची, चार माणसं, ओलं जाळं, बर्फ आणि दिवस चांगला असेल तर पाव टन बांगडा घेऊन परतणारी. पहिलीला ४० एचपी शोभतं, दुसरीला १५ पुरतं, आणि दुकानदाराने सुचवलेलं २५ दोघींनाही नीट लागू पडत नाही.

इथला हिशोब १४ ते २४ फुटी फायबरच्या किंवा लाकडी होड्यांचा आहे: मालवण-वेंगुर्ल्यापासून वर अलिबाग-मुरुडपर्यंत खाडीत आणि किनाऱ्यालगत जाळी टाकणाऱ्या, सकाळी जाऊन दुपारी परतणाऱ्या. रोज दहा-बारा तास इंजिन चालवणाऱ्या मोठ्या होडीने डिझेलचं, होडीच्या आत बसवायचं इनबोर्ड बघावं, तिथे पेट्रोल परवडत नाही.

आधी वजन, तेही भरलेल्या होडीचं

रिकाम्या होडीचं वजन बांधणाऱ्याला विचारलं तर तो अंदाजे सांगतो, आणि तो अंदाज बहुतेक वेळा कमीच असतो. खात्रीचा उपाय म्हणजे वजनकाटा. होडी टेम्पोवर चढवून काट्यावर न्या, मग रिकामा टेम्पो तोलून वजा करा. त्यानंतर बाकीचं एकेक करून कागदावर मांडा. मध्यम बांध्याच्या वीस फुटी फायबर होडीचं उदाहरण घेऊ:

होडी ४५० किलो
चार माणसं २८० किलो
ओली जाळी १५० किलो
बर्फ आणि क्रेट १०० किलो
मासळी २५० किलो
इंजिन ५० किलो
२५ लिटर पेट्रोल सुमारे १९ किलो (पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोच्या आसपास)
नांगर, दोर, पाणी, बॅटरी, लाइफ जॅकेट ४० किलो

बेरीज १,३३९ किलो, म्हणजे जवळजवळ १.३४ टन. यात चुकतो तो जाळ्याचा आकडा. सुकं जाळं खांद्यावर उचललेलं असतं म्हणून तेच वजन डोक्यात राहतं. भिजलेलं जाळं, त्याच्या दोरात मुरलेलं पाणी आणि अडकलेला कचरा धरला तर वजन बरंच वर जातं.

काटा जवळपास नसेल तर खडू वापरा. होडी रिकामी पाण्यात असताना बाहेरच्या बाजूला पाण्याच्या रेषेवर खूण करा आणि भरून परत आल्यावर, माणसं आत असतानाच, दुसरी खूण करा. पाण्याच्या रेषेवरची लांबी आणि रुंदी मीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि त्याला ०.७ ने गुणा, कारण होडी चौकोनी नसते. ५.४९ मीटर गुणिले १.३७ गुणिले ०.७ म्हणजे सुमारे ५.३ चौरस मीटर. एवढ्या होडीला समुद्राच्या पाण्यात १ सेंटिमीटर खाली जायला ५४ किलो लागतात. दोन खुणांत १६ सेंटिमीटर अंतर निघालं तर साडेआठशे-नऊशे किलो भार चढलाय. वरच्या यादीतून होडीचे ४५० वजा केले तर राहतात ८८९. दोन्ही रीतींनी आकडा जवळपास तोच यायला हवा. फार फरक पडला तर यादीत काहीतरी राहून गेलंय.

मग तळ

होडी उलटी किंवा आडवी करून पाठीमागून बघा. तळ मागे जाताना वर उचलला गेलाय का, कडा गोल आहेत का, रिकाम्या होडीत मागची फळी पाण्याबाहेर राहते का? तसं असेल तर ती पाणी कापत, बाजूला सारत जाणारी होडी. तळ मागपर्यंत सपाट, बाजूंना धारदार कोपरा आणि मागची फळी पाण्यात बुडलेली असेल तर ती पुरेशा ताकदीने पाण्यावर उचलली जाऊन घसरत पळू शकते.

शंका असेल तर मागच्या टोकापासून पुढे पाच फुटी सरळ पट्टी तळाला लावा. पट्टी सगळीकडे टेकली तर तळ सरळ. मधेच टेकून टोकांना फट राहिली तर तळाला फुगीर बाक आहे. अशी होडी जास्त एचपीला पळत नाही, नुसती पाठ बुडवून नाळ (पुढचं टोक) आभाळाकडे करते.

पाणी कापणाऱ्या होडीला वेगाची एक मर्यादा असते आणि ती पाण्याच्या रेषेवरच्या लांबीवरून कळते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) वेग मिळतो. वीस फुटी होडीची पाण्यातली लांबी १८ फूट धरली तर ५.७ नॉट, म्हणजे ताशी साडेदहा किलोमीटर. या वेगाला होडीने उठवलेली लाट होडीएवढीच लांब होते आणि होडी त्या दोन लाटांमधल्या खळग्यात बसते. पुढे जायचं तर स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं, आणि १.३ टन वजन घेऊन चढणं म्हणजे टाकी ओतणं. उलांडीची (तोलासाठी बाजूला ओंडका बांधलेली) अरुंद होडी ही मर्यादा थोडी ओलांडते, कारण अरुंद अंगाची लाट लहान असते. मात्र तिथे उलांडीचा लाकूडफाटा पाण्यात ओढला जातो, त्यामुळे मिळालेलं बरंचसं परत जातं.

आता एचपी

पाणी कापणाऱ्या होडीला त्या कमाल वेगापर्यंत न्यायला टनाला साडेचार एचपी लागतात, तेही शांत पाणी, स्वच्छ तळ आणि नेमका पंखा (प्रोपेलर) असताना. आपल्या होडीला १.३४ गुणिले ४.५, म्हणजे ६ एचपी.

सहावर थांबू नका. तळाला शेवाळ-शिंपले चिकटतात, दुपारी समोरून वारा येतो, पंखा क्वचितच नेमका असतो आणि कधी दुसऱ्याची बंद पडलेली होडी ओढून आणावी लागते. खाडीच्या आत काम असेल तर दीडपट घ्या, म्हणजे ९. तिथे ९.९ एचपी बसतं. उघड्या समुद्रात जायचं असेल तर दुप्पट घ्या, म्हणजे १२, आणि बाजारात त्याच्या जवळचं इंजिन १५. बऱ्याच कंपन्यांत ९.९ आणि १५ एकाच ब्लॉकवर बांधलेली असतात, वजन जवळपास तेवढंच. फरक कार्बुरेटर आणि आतल्या किरकोळ भागांचा. तिथे १५ घेऊन तीनचतुर्थांश थ्रॉटलवर आरामात चालवणं केव्हाही बरं.

त्याच होडीला २५ लावलं तर एखाद-दीड नॉट वाढतो, तासाला पेट्रोल जवळपास पावणेदोनपट जातं आणि पाठ खाली बसते. आणि ही होडी पाण्यावर उचलून पळवायची म्हटली तर? त्यासाठी एका एचपीमागे वीस-बावीस किलोपेक्षा जास्त वजन नको. १,३३९ भागिले २२ म्हणजे ६१ एचपी. रिकामी जाताना मासळीचे २५० वजा केले तरी ५०. म्हणजे २५ ही मधली जागा आहे: गरजेपेक्षा जास्त, पण पळवायला कमी.

आता उरलेल्या दोन टोकांचा हिशोब.

खाडीतली १४ फुटी होडी, दोन माणसं, पाग (फेकायचं जाळं) आणि थोडी जाळी, सगळं मिळून ४५० किलो: २ एचपी पुरेसे, ओहोटीचा ओढ धरून दुप्पट करा, म्हणजे ४ ते ५ एचपीचं इंजिन. यापेक्षा मोठं लावू नका. एवढ्या होडीच्या पाठीवर ३५-४० किलोचं इंजिन आणि त्यामागे एक माणूस बसला की नाळ हवेत जाते.

सपाट तळाची १८ फुटी हलकी होडी, दोन माणसं, गळाची मासेमारी: होडी ३००, माणसं १५०, दोन स्ट्रोकचं इंजिन ७५, पेट्रोल ४०, सामान ६०, मिळून ६२५ किलो. २२ ने भागलं की २८. म्हणजे ३० एचपी हे काठावरचं, ४० सोयीचं. इथे लहान इंजिन घेऊन पैसे वाचत नाहीत. २० एचपीची होडी कायम चढणीवरच राहते, पूर्ण थ्रॉटल दाबून, आणि ४० वाल्याने पाण्यावर उचलून थ्रॉटल मागे घेतलेला असतो. मैलामागे पेट्रोल त्यालाच कमी लागतं.

ओहोटीचं एक सांगायला हवं, कारण "मुखावर ओढ फार आहे" म्हणून मोठं इंजिन घेणारे पुष्कळ असतात. देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते तशा जागी उधाणाच्या ओहोटीला पाणी जोरात बाहेर पडतं. ओढ ३ नॉट धरा. ५.७ नॉटची होडी जमिनीच्या हिशोबाने २.७ ने आत येणार. २५ एचपी लावून ६.७ केले तरी ३.७. बाहेरून येणारी लाट आणि आतून जाणारं पाणी जिथे भिडतं तिथे एका नॉटच्या फरकाने काही होत नाही. भरतीचं वेळापत्रक बघून अर्धा तास बाहेर थांबणं हे त्यावरचं स्वस्त इंजिन.

होडीला पेलेल तेवढंच

हिशोबाने आलेला आकडा होडीच्या अंगाला झेपतो का, हे वेगळं तपासायचं. आपल्याकडच्या बहुतेक होड्यांना कमाल एचपी लिहिलेली पाटी नसते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा २० फुटांखालच्या होड्यांसाठीचा नियम इथे उपयोगी पडतो. होडीची लांबी आणि पाठीची रुंदी फुटांत घेऊन गुणा. १८ गुणिले ४ म्हणजे ७२. हाताने सुकाणू धरायचं असेल आणि तळ सपाट, कोपरे धारदार असतील तर त्याच्या निम्मे करून १५ वजा करा: २१, पुढच्या पाचाला पूर्ण करून २५ एचपी. इतर तळांना ०.८ ने गुणून २५ वजा करा: ३२.६, म्हणजे ३५. लहान गुणाकारांसाठी वेगळा तक्ता आहे: ३५ पर्यंत ३ एचपी, ३६ ते ३९ ला ५, ४० ते ४२ ला ७.५, ४३ ते ४५ ला १०, ४६ ते ५२ ला १५.

हे छप्पर आहे, शिफारस नव्हे. वरच्या सपाट तळाच्या १८ फुटीला वजनाच्या हिशोबाने ४० हवं होतं आणि छप्पर २५ वर थांबतं. ४० लावायचं तर पुढे बसून चालवायचं स्टिअरिंग आणि किमान २० इंच उंचीची मागची फळी लागते. मग तोच नियम गुणाकाराची दुप्पट वजा ९० देतो, म्हणजे ५४, आणि ४० त्यात बसतं. हाताने दांडा धरून हलक्या होडीवर ४० एचपी चालवताना एका वळणात माणूस पाण्यात जाऊ शकतो. त्यासाठीच इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधायची असते, ती हुकावर टांगून ठेवायची वस्तू नाही.

मागच्या फळीला हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. घट्ट, कोरडा आवाज हवा. बोथट आवाज आला तर फायबरच्या आतलं प्लायवूड पाणी पिऊन कुजायला लागलंय. जुन्या क्लॅम्पच्या खुणा आणि बोल्टची भोकं इथूनच पाणी आत शिरतं. कुजलेल्या फळीवर १५ सुद्धा टांगू नका. फळी चांगली असेल तर क्लॅम्पच्या स्क्रूखाली स्टेनलेसची किंवा जाड अॅल्युमिनियमची पट्टी द्या, २५ आणि त्यावरच्या इंजिनाला आरपार बोल्ट मारा आणि भोकात आधी सीलंट भरा. इंजिनाला स्टेनलेसची तार बांधून दुसरं टोक होडीच्या आतल्या कड्याला अडकवा. क्लॅम्प सैल होऊन इंजिन तळाला गेलं तर वर्षभराची कमाई गेली.

वजनही पाठीवरच येतं. दोन स्ट्रोकचं १५ एचपी साधारण ३६ ते ४० किलो, चार स्ट्रोकचं ५० च्या आसपास. ४० एचपीत हाच फरक ७५ विरुद्ध शंभराजवळ जातो. चार स्ट्रोकचं ४० म्हणजे पाठीवर कायमचा दीड माणूस. थ्रॉटल झटकन सोडलं की मागची लाट होडीला गाठते, आणि इंजिनाजवळची फळी खाली कापलेली असेल तर पाणी थेट आत. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी पुढे सरकवा, नळी लांब घ्या.

शाफ्टची लांबी

दुकानात एचपीवर तास जातो आणि शाफ्टवर मिनिटही जात नाही. त्रास मात्र वर्षभर शाफ्टच देते. फळीच्या वरच्या काठापासून होडीच्या तळापर्यंत उभी उंची मोजा, तिरकी नको. साधारण १५ इंच असेल तर शॉर्ट, २० असेल तर लाँग, २५ असेल तर एक्स्ट्रा लाँग.

बसवल्यावर पंख्याच्या वरची आडवी प्लेट तळाच्या रेषेला समपातळीत किंवा तिच्याखाली एखादा इंच हवी. समुद्रावर काम करणाऱ्या होडीला थोडी खालीच असू द्या. प्लेट वर राहिली तर लाटेवर पाठ उचलली की पंखा हवा खातो, इंजिन एकदम किंचाळतं, होडी जागेवर राहते आणि थंड करणारं पाणीही तुटतं. तीन माणसं पुढे वाकून जाळं ओढत असतात तेव्हा पाठ उचलतेच, म्हणून अशी जाळी ओढणाऱ्या होडीला शॉर्ट शाफ्ट बहुतेक वेळा चुकीची ठरते. प्लेट फार खोल गेली तर नुसता ओढ वाढतो आणि वाळूच्या पट्ट्यावर गिअरचं घर आधी आपटतं.

दोन्ही टोकं निमुळती असलेल्या होडीला बाजूला ब्रॅकेट लावून इंजिन टांगतात. तिथे माप ब्रॅकेटवरून पाण्याच्या रेषेपर्यंत घ्या आणि होडी भरलेली व रिकामी असताना दोनदा घ्या.

पंखा

नव्या इंजिनाबरोबर येणारा पंखा हलक्या, पळणाऱ्या होडीच्या हिशोबाने असतो. १५ एचपीवर १० पिचचा येतो असं धरा. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात न घसरता जितके इंच पुढे जाईल तेवढं अंतर. इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेतंय, गिअर २.०८ चा आहे, म्हणजे इंजिनाच्या २.०८ फेऱ्यांना पंख्याचा एक. ५,५०० ला १० ने गुणा, २.०८ ने भागा, मग मिनिटाच्या इंचांचे नॉट करायला १,२१५ ने भागा: २१.८ नॉट. आपली होडी जाते ५.७ ने. पंखा पाऊणपट घसरतोय. घसरण इतकी असेल तर इंजिन ५,५०० पर्यंत पोचतच नाही, ४,६०० ते ४,७०० वर गुदमरतं. चौथ्या गिअरमध्ये घाट चढणारी एसटी आठवा. असं महिनोन्‌महिने चाललं की प्लग काळे होतात, पिस्टनवर कार्बन बसतो, पेट्रोल तेवढंच जातं आणि दोष कंपनीला जातो.

उपाय कमी पिचचा पंखा. पिच एक इंच कमी केली की दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. ४,७०० वर अडकलेलं इंजिन १० वरून ८ वर आणलं की ५,००० ओलांडतं. अजून हवं असेल तर ७. वजनदार होडीसाठी मोठा व्यास आणि कमी पिच, हे ध्यानात ठेवलं तरी पुरे. ९.९ मध्ये काही मॉडेल मोठ्या पंख्याची आणि तीनच्या आसपास गिअरची मिळतात, ओढण्यासाठी बनवलेली. चार माणसं घेऊन जाळं ओढणाऱ्या होडीला अशी ९.९ साध्या १५ च्या तोडीचं काम देते.

जाळं-दोर सतत आजूबाजूला असतात म्हणून अॅल्युमिनियमचा पंखा ठेवा. दगडावर आदळला तर तो वाकतो आणि गिअर वाचतो. स्टेनलेसचा पंखा वाकत नाही, धक्का आत जातो.

पेट्रोलचा हिशोब खरेदीच्या आधी

चार स्ट्रोकचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर एचपीमागे तासाला ०.३५ ते ०.४ लिटर खातं. ९.९ ला पावणेचार लिटर, १५ ला पावणेसहा, २५ ला साडेनऊ, ४० ला पंधरा. कार्बुरेटरचं जुनं दोन स्ट्रोक यावर तीसेक टक्के जास्त, ऑइल वेगळं.

आठ सागरी मैल जाऊन आठ मैल परत यायचं आहे. १५ एचपी पूर्ण दाबून ५.७ नॉटने पावणेतीन तासांत १६ लिटर. तीच होडी ५ नॉटवर ठेवली तर सव्वातीन तास लागतात आणि दहा-अकरा लिटरांत काम होतं. अर्धा तास उशिरा पोचायचे पाच लिटर वाचतात. कारण ताकद वेगाच्या घनाने वाढते: वेग वीस टक्क्यांनी कमी केला की लागणारी ताकद निम्मी होते. तेच अंतर २५ एचपीने पूर्ण दाबून ७ नॉटने केलं तर बावीस लिटर. रोजच्या फरकाला आजच्या पंपावरच्या भावाने आणि महिन्यातल्या पंचवीस खेपांनी गुणा, आकडा स्वतःच बोलेल.

टाकीचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव. ११ लिटर लागत असतील तर १६-१७ लिटर घेऊनच निघा.

दोन स्ट्रोक की चार

दोन स्ट्रोक हलकं, आत भाग कमी, गावातल्या मेकॅनिकला तोंडपाठ. पेट्रोल आणि धूर जास्त. चार स्ट्रोक शांत, कमी पितं, कमी फेऱ्यांवर तासन्‌तास न कुरकुरता चालतं, म्हणून जाळं टाकताना हळू जायला चांगलं. पण वजनदार, आणि वेळच्या वेळी ऑइल न बदलणाऱ्याच्या हातात लवकर मरतं. वर्षाला पाचशे तासांपेक्षा जास्त चालणार असेल तर चार स्ट्रोक वाचलेल्या पेट्रोलमधून स्वतःची जास्तीची किंमत काढतं. त्याहून कमी काम असेल आणि होडी रोज वाळूवर ओढावी लागत असेल तर दोन स्ट्रोकच बरं.

दोन स्ट्रोकमध्ये ५० ला १ या प्रमाणात ऑइल: २५ लिटरला ५०० मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचंच. मोटारसायकलचं २टी स्वस्त मिळतं, पण ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं आणि आउटबोर्डमध्ये राख साठवतं. नव्या इंजिनाला पहिले दहा तास दम खाऊ द्या, पूर्ण थ्रॉटलवर धरून ठेवू नका. त्या काळातलं ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत बघा, काहींना ते दुप्पट लागतं.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचा प्रश्न आता टाळता येत नाही. पंपावर २० टक्क्यांचं मिश्रण मिळतं आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतची परवानगी लिहिलेली असते. इथेनॉल दमट हवेतून पाणी ओढतं. ते पाणी टाकीच्या तळाशी वेगळं झालं की इंजिन बंदरातून सुरू होऊन बरोबर खाडीच्या मुखाशी बंद पडतं. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, दर आठवड्याला त्याचं भांडं बघा, पेट्रोल दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त साठवू नका आणि रबरी नळ्या व हातपंपाचा फुगा वर्षातून एकदा दाबून, वाकवून बघा. भेग दिसली की बदला. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागून होडी वर ओढली की कार्बुरेटरची वाटी रिकामी करायला विसरू नका. ऑगस्टमध्ये न सुरू होणाऱ्या निम्म्या इंजिनांचा आजार तिथेच असतो.

पैसे पूर्ण देण्याआधीची चाचणी

होडी नेहमीच्या भाराने भरा. मासळीच्या जागी पाण्याचे कॅन ठेवा: २० लिटरचे बारा कॅन म्हणजे २४० किलो. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं, इंजिनाचे फेरे मोजणारं छोटं टॅकोमीटर मिळतं, ते लावा. मोबाइलवर जीपीएसचा वेग सुरू ठेवा.

शांत पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या, दोन्ही दिशांना एकेक फेरी मारा आणि वेगाची सरासरी काढा, म्हणजे ओढ वजा होतो. फेरे पुस्तिकेतल्या पट्ट्यात हवेत, चार स्ट्रोकला बहुधा ५,००० ते ६,०००. खाली राहिले तर पिच कमी करा, वर गेले तर वाढवा. मग थ्रॉटल हळूहळू मागे घेत कोणत्या फेऱ्यांवर ५ नॉट मिळतात ते बघा आणि दांड्यावर रंगाची खूण करा. रोज तिथेच ठेवायचं. नाळ फार उचलत असेल तर इंजिनाची तिरकी पिन एक भोक आत घ्या. होडी नाळ खुपसत असेल तर एक भोक बाहेर. शेवटी एक माणूस पुढे, दोघे एका बाजूला जाळं ओढतायत अशा बैठकीत वळून बघा. पंखा हवा खातो का ते इथेच कळतं. इंजिनाच्या बाजूने पाण्याची धार सलग येतेय ना हे दर काही मिनिटांनी बघत राहा. धार तुटली की आधी आत शिरण्याच्या जाळीत प्लास्टिक अडकलंय का ते बघायचं, इम्पेलर (आतला पाणी खेचणारा रबरी पंखा) नंतर.

परत आल्यावर दहा मिनिटं गोड्या पाण्याने धुवायचं, आणि हे पहिल्या दिवसापासून. गिअर ऑइल पहिल्या वीस तासांनी बदला, मग दर शंभर तासांनी. दुधासारखं निघालं तर सील गेलंय, पाणी शिरतंय. इम्पेलर वर्षाला एक. इंजिनाऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेला झिंकचा तुकडा निम्मा झिजला की नवा. त्याला रंग लावू नका, रंगवलेला झिंक काम करत नाही.

कागदाचं काम राहतं. होडीच्या नोंदणीत इंजिनाचा क्रमांक आणि अश्वशक्ती लिहिलेली असते. इंजिन बदललं की रिअलक्राफ्ट या होड्यांच्या ऑनलाइन नोंदणीच्या प्रणालीवर आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे ती नोंद बदलून घ्या, नाहीतर विमा किंवा योजनेचं अनुदान मागताना क्रमांक जुळत नाही. खरेदीच्या दिवशीच इंजिनावरच्या पाटीवर कागद ठेवून पेन्सिल घासा, क्रमांक उमटेल. पाटी खाऱ्या पाण्याने दोन वर्षांत पुसट होते.

आणि होडीत एक बंद डबा: दोन प्लग व प्लगचा पाना, पंख्याची पिन आणि कॉटर पिन प्रत्येकी दोन, नट, पक्कड, सुरू करायची जादा दोरी, फिल्टर, तारेचा तुकडा, चिंधी. वल्ही दोन, तीही बांधून.